पाय मोडका

सिन्योराचे पाय कोमट पाण्यात ठेवते
तेव्हा रोज समोर येतो भिंतीवरचा फोटो :
तिचे वडील, पांढरं शिरस्त्राण,
अस्माराहून मस्सावाला उतरणारा घाट,
आणि मागे फावडी धरून उभी माझी माणसं.
खाली साल आहे. वडिलांचं नाव आहे, हुद्द्यासकट.
फावडी मी एकदा मोजली. अकरा.

बोलोन्यात सहा वर्षं झाली, तिला अजून सांगितलेलं नाही
की माझ्या बापाला तिच्या लोकांच्या शाळेत
चौथीपुढे मज्जाव होता.
हुकूम कळला, हिशेब कळला, बस्स.
बाप म्हणायचा, आल्प्सची शिखरं मला तोंडपाठ होती,
आमच्या ओढ्याचं नाव मात्र वहीत कुठंच नव्हतं.

मला अक्षर भेटलं सतराव्या वर्षी,
नाक्फाच्या खंदकात.
दिवसा विमानं, म्हणून शाळा रात्री,
दारूगोळ्याच्या पेटीची फळी, तिच्यावर कोळसा.
शिकवायचा हब्तेअब, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा,
आघाडीत येण्याआधी केरेनच्या बाजारात संत्री विकणारा.
एकेका अक्षराची सात रूपं, म्हणाला, घोक :
ल, लू, ली, ला, ले,
आणि हे सहावं, ल्. पाय मोडका.
याला स्वतःचा आवाज नाही,
शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकून चालतं.
आपल्यासारखंच की, मी म्हणाले.
तो हसला नाही.
सातवं उद्या.

आमचे सँडल काळ्या प्लास्टिकचे, सगळ्यांचे सारखे,
कमांडरचेही, खेचरं हाकणाऱ्याचेही.
पट्टा तुटला की सुरी निखाऱ्यात लाल करायची,
दोन्ही टोकं वितळवून दाबून धरायची.
हब्तेअबच्या डाव्या पट्ट्यावर असे चार डाग होते,
चारही माझ्या हातचे, चौथा जरा वाकडा.

उद्या पहाटे चारलाच आला.
उतारावर पडला तो. रडायला वेळ नव्हता.
माझा डावा सँडल दरीत गेलेला,
म्हणून त्याचा डावा मी सोडवला, पायात घातला.
दोन बोटं मोठा. रिवाजच होता तो, लाजायचं काय.
त्यावर तीन वर्षं चालले.

अस्मारात शिरलो तेव्हा बायका लाह्या उधळत होत्या
आणि ट्रकामागून धावत विचारत होत्या
आपापल्या पोरांची नावं.
एक म्हातारी, ओढणी गळून पडलेली :
हब्तेअब? केरेनचा हब्तेअब?
हाक आली की माणसानं ओ द्यावी.
माझ्यापाशी ओ-चं रूपच नव्हतं.
सहाव्यावर थांबलेली मी.

नंतर शिकले सातवं, छापील पुस्तकातून. लो. सोपं होतं.
नंतरचं सगळं छापीलच आलं,
कुपनं, घोषणा, सक्तीच्या भरतीच्या याद्या.
आमच्या सँडलचं शिल्पसुद्धा चौकात उभं राहिलं, पत्र्याचं,
कुणाच्याच पायात न बसणारं.
त्या चौकावरून एका रात्री माझा भाचा मेरहावी
सीमेकडे निघाला. पायात खेळाचे बूट.
पळायला हेच बरे, म्हणाला,
आणि माझ्या पायांकडे बघायचं त्यानं टाळलं.

काल रात्री दीडला फोन आला,
त्रिपोलीहून, परक्याच कुणाच्या नंबरावरून.
मागे कुणीतरी मोजत होतं,
पैसे की माणसं, कळेना.
मेरहावीनं फक्त हाक मारली,
अबरेहेत नाही, घरातलं नाव,
जे इथं कुणालाच ठाऊक नाही.
आणि बोळात अनवाणी उभी राहून
मी इतक्या मोठ्यानं ओ दिली
की आतल्या खोलीत सिन्योरा जागी झाली
आणि तिनंही, अंधारातच,
बापानं हाक मारल्यासारखी,
ओ दिली.